तेलावर थिनर चढत नाही

‘सर, विमान जोडून झालंय. आता रंग कुठला आणू?’ हा प्रश्न अलीकडे मला वर्गात नव्हे, तर खडे बाजारात, बसथांब्यावर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारला गेला. विचारणारी कधी आठवीतली मुले असतात, कधी त्यांच्या आया आणि कधी निवृत्त झालेले आजोबा. मी इतिहास शिकवतो, पण घरच्या कपाटात प्लास्टिकची विमाने आणि रणगाडे आहेत हे गावाला ठाऊक झाल्यामुळे रंगाचा सल्लागार अशी दुसरी नोकरी मला आपोआप मिळाली आहे. बिनपगारी असली तरी ती मला आवडते.

या प्रश्नाला दुकानदार बहुधा ‘कुठलाही न्या हो, सगळे सारखेच’ असे उत्तर देतो. ते खरे नाही. रंगांनाही जाती आहेत. एका जातीचा रंग दुसऱ्या जातीवर सुखाने नांदतो, तर तिसऱ्या जातीला तो जाळूनच टाकतो. हे ठाऊक नसेल तर महिनाभराचे काम पाच मिनिटांत वाया जाते, आणि तेही शेवटच्या टप्प्यावर, व्हर्निश मारताना. जोडणी चुकली तर दुरुस्त करता येते. व्हर्निश चुकले की रडू येते, आणि ते मोठ्यांनाही येते.

आधी ही खेळणी म्हणजे नेमके काय ते थोडक्यात सांगतो. खोक्यात चौकटीला जोडलेले सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा असा संच वूलवर्थच्या दुकानांतून विकायला काढला आणि हा छंद घरोघर गेला. जपानची तामिया कंपनी मूळची लाकूड कापणारी. तिने १९६० मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेचा प्लास्टिक संच काढला. आज मुलांच्या हाती येणारे बरेच संच याच दोन घराण्यांचे किंवा त्यांच्या भाऊबंदांचे असतात.

या संचांचे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. नाव परके वाटले तरी वस्तू ओळखीची आहे, कारण थर्मोकोल म्हणजे हेच पॉलिस्टायरीन, फक्त फुगवलेले. गणपतीच्या थर्मोकोलच्या मखरांचे दिवस आठवा. (सजावटीच्या थर्मोकोलवर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि ते बरेच झाले.) त्या काळी कुणीतरी हौसेने डब्यातला सोनेरी स्प्रे आणायचा, मखरावर मारायचा, आणि बघता बघता मखराला खड्डे पडायचे. रंग थर्मोकोल ‘खातो’ असे आपण म्हणायचो. खाणारा खरे तर रंग नव्हे, त्यातला द्रावक. तोच द्रावक आपल्या विमानाचे पंखही खातो. विमानाचे प्लास्टिक घट्ट असल्यामुळे त्याला वेळ लागतो, एवढाच फरक. संच चिकटवायचा सिमेंटही असाच काम करतो. तो दोन्ही कडा थोड्या विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडाला की सांधा एकजीव होतो. म्हणजे जे सांध्यात हवे असते तेच पृष्ठभागावर नको असते.

म्हणून रंग घेताना ‘हा कशात पातळ होतो?’ हे आधी विचारायचे. ‘कुठला रंग हवा?’ हे त्यानंतर. उत्तरावरून रंगाची जात कळते.

पहिली जात तेलाच्या रंगाची, म्हणजे इनॅमल. दारे-खिडक्यांना लावतो तो ऑइल पेंट याच घराण्यातला. इंग्लंडच्या हम्ब्रॉलच्या १४ मिलिलिटरच्या चिमुकल्या डब्या याच जातीच्या. त्यातला ३३ क्रमांक म्हणजे निस्तेज काळा आणि ३४ म्हणजे निस्तेज पांढरा, हे जुन्या छंदिष्टांना पाढ्यासारखे पाठ असते. हा रंग मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ होतो. हार्डवेअरच्या दुकानात ‘टर्पेंटाइन’ म्हणून मिळते ते हेच, पेट्रोलियमपासून काढलेले. चित्रकार वापरतात ते पाइन झाडाचे टर्पेंटाइन वेगळे. ते पॉलिस्टायरीनला अधिक त्रास देते, म्हणून ते इथे नको. इनॅमलचे वाळणे दोन पायऱ्यांचे असते. आधी टर्पेंटाइन उडते आणि रंग हाताला कोरडा लागतो. पण आतले राळयुक्त तेल पुढे कित्येक दिवस हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत राहते. आपली फसगत होते ती याच मधल्या काळात.

दुसरी जात थिनरच्या रंगाची, म्हणजे लॅकर. आपले जुने पेंटर गाडीच्या रंगाला अजून ‘ड्यूको’ म्हणतात ना, ते मूळचे अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने १९२३ च्या सुमारास काढलेल्या अशाच रंगाचे नाव. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागत. ड्यूकोने ते काम तासांवर आणले. लॅकर वाळतो म्हणजे त्यातला थिनर उडून जातो, बस्स. आत कोणतीही रासायनिक गाठ बसत नाही. म्हणूनच वाळलेल्या लॅकरवर पुन्हा थिनर पडला की तो पुन्हा विरघळतो. हा थिनर जबर असतो. नेलपॉलिश याच कुळातले आणि नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असते, तेव्हा ताईची बाटली विमानाजवळ आणू नये. मॉडेलसाठी खास बनवलेले लॅकर त्या मानाने सौम्य असतात आणि पातळ थरात चालतात. गाडीचा थिनर मात्र प्लास्टिकचा शत्रूच समजावा.

तिसरी जात ॲक्रिलिक. बाटलीवर हा एकच शब्द असला तरी आत दोन पोटजाती आहेत, आणि इथे चांगले जाणकारही अडखळतात. एक खरी पाण्याची. स्पेनच्या वालेजोचे रंग या प्रकारचे. आपल्या दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनच्या ॲक्रिलिक ट्यूबाही याच गोत्रातल्या, मात्र त्या कॅनव्हाससाठी असल्याने दाट असतात. पातळ करून, प्रायमरवर, दोन-तीन हात दिले तर नवशिक्याला पुरतात. दुसरी पोटजात अल्कोहोलची. तामियाच्या छोट्या बाटल्या या प्रकारच्या. त्या पाण्याने धुता येतात, पण पातळ होतात त्या त्यांच्या स्वतःच्या थिनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पाण्याच्या ॲक्रिलिकमध्ये अल्कोहोल घातले तर ते पुष्कळदा नासलेल्या दुधासारखे फाटते आणि ब्रशवर चिकट गुठळ्या येतात. कोविडनंतर घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या उरल्या, आणि ‘हेही अल्कोहोलच की’ म्हणून तेच थिनर म्हणून वापरणारे मला भेटले आहेत. सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावेत म्हणून बहुधा ग्लिसरीन घातलेले असते. ते उडत नाही आणि रंग चिकट राहतो. औषधाच्या दुकानातून साधे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावे.

आता कोणावर कोण चढते, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर मला पुस्तकात सापडण्याआधी उद्यमबागेजवळ गाड्या रंगवणाऱ्या एका वृद्ध पेंटरमामांनी दिले. ते म्हणाले, ‘सर, थिनरचा माल खाली चालतोय, त्यावर तेलाचा चालतोय. उलटं केलासा की चमडं गोळा होतंय बघा.’ पुढे मी आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले, तर त्यांनी हेच दोन पाने सूत्रे लिहून सांगितले.

कारण समजायला दुधाच्या पातेल्यात डोकवावे. वर साय धरलेली असते आणि खाली दूध अजून हलत असते. सायीला धक्का लागला की सुरकुत्या पडतात. पुरता न मुरलेला इनॅमल असाच असतो. वरची कातडी घट्ट, आत मऊ. त्यावर लॅकर मारला की जबर थिनर कातडीतून आत शिरतो, थर फुगतो, खालून सुटतो आणि सुरकुततो. उलट लॅकरवर इनॅमल दिला तर सौम्य टर्पेंटाइनला वाळलेल्या लॅकरचे काही करता येत नाही. ॲक्रिलिक दोघांशीही जमवून घेते. पुरत्या वाळलेल्या लॅकरवर ते बसते आणि पुरत्या मुरलेल्या इनॅमलवरही बसते. वाळलेल्या ॲक्रिलिकवर इनॅमलचा हात चालतो. इंजिनाची काजळी किंवा पत्र्याच्या सांध्यातला मळ दाखवायला पातळ तेलाचा रंग ॲक्रिलिकवर फिरवून पुसून घेतात, ते याच जोरावर. ॲक्रिलिकवर गाडीचा लॅकर मात्र नको.

जाता जाता एक शब्दाची गंमत. हा ‘लॅकर’ शब्द पोर्तुगीजांच्या मार्गे फिरून आलेला आपला ‘लाख’च आहे. कन्नडमध्ये लाखेला ‘अरगु’ म्हणतात. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला ‘अरगिन मने’ म्हटले की आपले लाक्षागृह लगेच कळते. चन्नपट्टणची ‘गोंबे’ रंगवतात ती याच लाखेने, पण तिथे द्रावकाचा संबंधच नाही. चरकावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. उडायला काही नाही, फुगायला काही नाही. भांडण होणार तरी कशावरून? आपल्या पॉलिस्टायरीनला मात्र ती उष्णता सोसणार नाही, तेव्हा मोह नको.

आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीची हकिगत इथे सांगायला हवी. तिचे वडील हवाई दलात मिग-२१ विमानांची देखभाल करणाऱ्या तुकडीत होते. १९६३ पासून आपल्या हवाई दलात असलेले हे विमान सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. त्या दिवशी वडील दूरदर्शनसमोरून उठलेच नाहीत, असे तिने सांगितले. तिने मग एकास बहात्तर प्रमाणाचा, वीतभर लांबीचा संच मागवला आणि वडिलांना न सांगता मावशीकडे बसून तो जोडला. जुनी मिग बरीचशी उघड्या धातूच्या रंगाची असत, म्हणून तिने चंदेरी इनॅमल दिला, आणि छान दिला. तिसऱ्या दिवशी चकाकीसाठी गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून पारदर्शक लॅकरचा स्प्रे आणून मारला. दुकानदाराने ‘प्लास्टिकलाही चालतोय’ म्हणून सांगितले होते. दहा मिनिटांत डावा पंख आणि पाठ सुरकुतली. वडिलांचा वाढदिवस अठरा दिवसांवर आला होता.

ती विमान घेऊन माझ्याकडे आली तेव्हा रंग काढायच्या द्रवात ते बुडवायच्या विचारात होती. तसे करू नकोस, असे मी सांगितले. तो द्रव प्लास्टिकही काढतो. सुरकुतलेल्या रंगावर लगेच काहीही करू नये. त्याला पुरते वाळू द्यावे. उत्तर कर्नाटकातला कोणीही कारागीर सांगेल, ‘स्वल्प तडीरी.’ तिने बारा दिवस विमान खोक्यात झाकून ठेवले. मग आधी हजार आणि नंतर दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून पंख आणि पाठ हलक्या हाताने सपाट केली, साबणाच्या पाण्याने धुतली आणि पुन्हा चंदेरी हात दिला. या वेळी तिने ॲक्रिलिकचा चंदेरी घेतला, कारण तो लवकर वाळतो. वर पाण्याचे चकचकीत व्हर्निश. जवळून पाहिले तर पाठीवर एक वळी अजून दिसते. वडिलांनी विमान हातात घेऊन उलटे केले, चाकांच्या खणात डोकावले आणि म्हणाले, ‘इथली एक नळी राहिली बघ.’ पुढचे दोन तास ते त्या नळीवर बोलत होते.

आता व्हर्निशकडे वळू. बहुतेक जण व्हर्निशला शेवटची चमक समजतात. मॉडेलच्या कामात ते निदान दोनदा येते, आणि दर वेळी त्याचे काम वेगळे असते. रंग झाला की आधी चकचकीत व्हर्निशचा हात. त्यावर डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हे, क्रमांक, तिरंगी वर्तुळे. डीकल थेट निस्तेज रंगावर लावले तर खरबरीत पृष्ठभागात हवा अडकते आणि चिन्हाभोवती रुपेरी पापुद्रा दिसत राहतो. गुळगुळीत थरावर ती हवा अडकत नाही. डीकल वाळले की त्यावर आणखी एक पातळ चकचकीत हात देऊन ते बंद करायचे आणि मगच शेवटचे निस्तेज व्हर्निश. युद्धातली विमाने आणि रणगाडे चकाकत नाहीत.

निस्तेज व्हर्निशमध्ये चमक मारण्यासाठी सिलिकाची अतिबारीक पूड असते आणि ती तळाशी बसते. बाटली न हलवता वरवरचे घेतले तर ते निस्तेज होणारच नाही, आणि तळातले दाट घेतले तर मॉडेलवर पिठी भुरभुरल्यासारखे दिसेल. बाटली चांगली मिनिटभर हलवावी. मात्र उघड्या धातूच्या रंगावर निस्तेज व्हर्निश देऊच नये. चांदीचे शिसे होते. त्या मिगवर चकचकीतच शोभते, आणि मला विचाराल तर चांगल्या चंदेरी रंगावर डीकलपुरतेच व्हर्निश द्यावे.

घरातले लाकडी सामानाचे व्हर्निश उरले आहे, ते चालेल का, असेही विचारतात. तेलाचे व्हर्निश, आणि पॉलियुरेथेनचे बरेच प्रकारही, वर्षा-दोन वर्षांत पिवळे पडतात. लाकडावर तो पिवळेपणा उबदार वाटतो. पांढऱ्या विमानावर मात्र कावीळ झाल्यासारखी दिसते. पाण्याचे ॲक्रिलिक व्हर्निश सहसा पिवळे पडत नाही. इनॅमल किंवा ॲक्रिलिक, खाली काहीही असो, ते पुरते वाळल्यावर हेच वर द्यावे. नवशिक्यासाठी माझी निवड हीच, आणि खरे सांगायचे तर जुन्या माणसासाठीही.

बेळगावच्या पावसाळ्याची गोष्ट वेगळीच. जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. स्प्रेमधला द्रावक भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, हवेतले बाष्प त्यावर दव होऊन बसते आणि व्हर्निश दुधाळ होते. फर्निचरचे पॉलिश करणारे पावसात काम घेत नाहीत ते याचसाठी. आपणही घेऊ नये. फारच निकड असेल तर पाऊस उघडलेल्या दुपारी करावे, डबा आधी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावा (गॅसवर कधीही नाही) आणि थर पातळ द्यावा. ब्रशने पाण्याचे व्हर्निश लावले तर हा त्रास खूप कमी होतो. इनॅमलला पावसाळ्यात दुप्पट दिवस द्यावेत. मुरला की नाही हे ओळखायला नाक जवळ न्यावे. रंगाचा वास येत असेल तर तो अजून वाळतो आहे.

आता आयांसाठी चार शब्द. ज्या खोलीत लहान मूल झोपते, तिथे थिनरचे काम करू नये. खिडकी उघडी हवी, देवघरातला दिवा आणि गॅस दूर हवा. गाड्यांच्या दुकानात ‘टू-के’ म्हणून हार्डनर मिसळायचे रंग मिळतात, ते घरात आणूच नका. त्यातली आयसोसायनेट द्रव्ये फुफ्फुसाला घातक असतात आणि रुमाल बांधून भागत नाही. माळ्यावरचे जुने ऑइल पेंटचे डबेही मुलांना देऊ नयेत. घरगुती रंगांमधले शिसे ९० पीपीएमच्या आत असावे असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांचा काय भरवसा? तोंडात वस्तू घालणारे मूल घरात असेल तर नवा, पाण्याचा रंगच बरा.

आणखी एक सवय लावून घ्यावी. पूर्वी रंगाची चाचणी प्लास्टिकच्या चमच्यावर करायचे. ते चमचे २०२२ च्या बंदीत गेले. त्यांची गरजही नव्हती, कारण संचातली भाग कापून उरलेली चौकट त्याच प्लास्टिकची असते. जो प्रायमर, जो रंग, जे व्हर्निश विमानावर जायचे आहे ते सगळे त्याच क्रमाने आणि तितकाच वेळ देऊन आधी चौकटीच्या तुकड्यावर लावावे. दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून पाहावे. सुटले, सुरकुतले, चिकटले, तर चौकटच बिघडली. तुकड्यावर पेन्सिलने तारीख आणि रंगाचे नाव लिहून ठेवा. माझ्याकडे अशा तुकड्यांचा बिस्किटाचा एक डबा भरला आहे आणि कपाटातल्या विमानांपेक्षा मुले तोच जास्त उघडतात.

काम झाल्यावर उरलेले टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बाटलीत झाकून ठेवा. गाळ खाली बसला की वरचे ब्रश धुवायला पुन्हा वापरता येते. तेलाच्या रंगाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, अंगणात पसरून वाळू द्या. ब्रश कुठले आणि एअरब्रश घ्यावा का, यावर पुष्कळ पत्रे आली आहेत. त्याबद्दल पुढच्या वेळी.